पानाचा पैसा आणि खाटेचा पैसा

परवा केळव्याहून वहिनीचा फोन. "भावजी, बँकवाले विचारतात तुमचं उत्पन्न कुठंय? काय सांगू?"

गेली पाच वर्षं वाडीतल्या घराच्या दोन खोल्या ती शनिवार-रविवार पर्यटकांना देते. मासळी आणणं, तांदळाच्या भाकऱ्या, चादरी धुणं, सगळं तिचंच. घर मात्र दादाच्या नावावर, म्हणून पैसाही दादाच्याच रिटर्नमध्ये. आता तिला आणखी दोन संडास-बाथरूम बांधायला कर्ज हवंय, पण कागदावर ती कुठेच नाही!

कायदा काय म्हणतो बघा. पूर्वी बरेच जण असं भाडं 'धंद्याचं उत्पन्न' दाखवून सगळा खर्च वजा करायचे. 2024 च्या अर्थसंकल्पाने ते बंद केलं. 2024-25 च्या कमाईपासून मालकाने राहण्याचं घर भाड्याने दिलं तर ते 'घर-मालमत्तेचं उत्पन्न'. भरलेली घरपट्टी वजा, उरलेल्यावर सरसकट 30 टक्के सूट, घरकर्ज असेल तर त्याचं व्याज. बस्स.

आमच्या बोईसरला हे चालून जातं. शटडाऊनच्या कामावर आलेल्या फिटरला महिनाभर खोली दिली, किल्ली हातात ठेवली, विषय संपला. 30 टक्क्यांत रंगरंगोटी सुटते. केळव्याला तसं नाही. समजा वर्षाला 4 लाख आले आणि गॅस, मासळी, धुणंभांडी यांत 2 लाख गेले. सगळंच भाडं धरलं तर सूट 1 लाख 20 हजार. म्हणजे हातात न आलेले 80 हजारही करपात्र. दादाचा पगार मोठा, त्यामुळे कर बसतोच.

गंमत म्हणजे त्याच वाडीतल्या नागवेलीच्या पानांचा पैसा शेतीचा, त्यावर आयकर नाही. पान करमुक्त, खाट करपात्र!

जीएसटीचंही ऐका. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही. पण ऑनलाइन अ‍ॅपवरून बुकिंग आलं तर नोंदणी नसलेल्या घरमालकाच्या खोलीवरचा जीएसटी अ‍ॅपवाल्या कंपनीने भरायचा असतो. थेट फोनवर आलेल्या पाहुण्याला तो नाही.

आम्ही आता काय करतोय? मुक्कामाची पावती दादाच्या नावाने, जेवणाची वहिनीच्या नावाने, पैसे तिच्या खात्यात. स्वयंपाक हा तिचा स्वतःचा व्यवसाय, त्याचं रिटर्न ती भरणार. यात लपवाछपवी नाही, उलट खरं तेच कागदावर येतंय. तुमचं गणित वेगळं असेल, आपल्या सीएला विचारूनच करा.

पण मुद्दा पावतीपुरता नाही. भिंती भाड्याने देणं आणि पाहुण्याचं सगळं करणं यात फरक आहे, तो कायद्यात स्पष्ट लिहा. एकीकडे किनारपट्टीवर घरगुती पर्यटन वाढवा म्हणायचं आणि दुसरीकडे ते चालवणाऱ्या बाईचे कष्ट नवऱ्याच्या घरभाड्यात गाडायचे, हे बरं नव्हे.

वहिनीने पहिली पावती फाडली, 4 थाळ्यांची. फोटो पाठवलाय. खाली तिची सही.