पाच धावा

पूर्वी रणजी करंडकाचा सामना संपला की बाबांचा एकच प्रश्न असे : ‘कितीने हरलो?’ १९५७ पासून खेळणारा आमचा विदर्भ कधी अंतिम फेरीतच गेला नव्हता, मग दुसरे काय विचारणार?

२१ डिसेंबर २०१७ ची सकाळ मात्र इतवारीतल्या आमच्या दुकानाने निराळीच पाहिली. कोलकत्याच्या ईडन गार्डन्सवर उपांत्य सामना. कर्नाटकाला ८७ धावा हव्या, आम्हांला तीन बळी. तागडीत गूळ तसाच. गिऱ्हाईकही ‘असू द्या, घाई नाही’ म्हणत उभे! मी तेव्हा आठवीत होतो. धावा कमी होत चालल्या तसे बाबा गप्प गप्प झाले. तिन्ही बळी आमच्या रजनीश गुरबानीने घेतले. अवघ्या पाच धावांनी विजय!

पुढे इंदूरला त्याने दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिक साधली, अक्षय वाडकरने १३३ धावा काढल्या आणि १ जानेवारी २०१८ रोजी फैझ फझलच्या हाती करंडक आला. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे, विजयी धावा काढणारा वसीम जाफरही मुंबईचाच, असे कुणी खवचटपणे म्हटले. बाबा उत्तरले, ‘सून घरात रमली की माहेर कोण विचारतो?’