कल्कीचा दुसरा भाग आणि सुमतीचे आठ तास

'कल्की २८९८ एडी'चा दुसरा भाग कधी येणार, हा प्रश्न आमच्या हिंगणघाटच्या पोरांना नगरपालिकेच्या निवडणुकीपेक्षा जास्त छळतो. चहाच्या टपरीवर, वाचनालयाच्या पायरीवर, विहारातला रविवारचा अभ्यासवर्ग सुटल्यावर चपला घालता घालता विषय तोच. भैरव खरंच कर्ण आहे का? यास्किन गांडीव उचलून पुढे काय करणार? आणि सप्टेंबर २०२५ पासून एक नवा प्रश्न: दीपिका नाही, तर सुमती कोण?

या गप्पांना नाक मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नाही. चळवळीतले काही ज्येष्ठ म्हणतात, सिनेमावर कसली चर्चा करता, संविधानावर करा. संविधानावर आम्ही करतोच. पण जे पोरगं तीन तास डोळे न मिटता पडद्याकडे पाहतं आणि मग दोन वर्षं त्याच्या पुढच्या भागाची वाट पाहतं, त्याच्या डोक्यात भविष्याचं कोणतं चित्र शिरलं हे तपासायचं नाही? जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त मत्स्यापासून परशुरामापर्यंत एकेक अवतार सोलून काढला, तेव्हा त्यांनाही कोणीतरी म्हटलं असेलच की गोष्टीच आहेत त्या, सोडा ना! त्यांनी सोडल्या नाहीत, कारण माणूस कायद्यापेक्षा गोष्टीवर जास्त चालतो हे त्यांना माहीत होतं.

तर हा सिनेमा २७ जून २०२४ ला आला. दिग्दर्शक नाग अश्विन. निर्मात्यांच्या सांगण्याप्रमाणे जगभरात हजार कोटींवर धंदा झाला. गोष्ट थोडक्यात अशी: साल २८९८. जगात काशी हे एकच शहर उरलेलं आहे. पाणी नाही, झाडं नाहीत, माणसं उकिरड्यावर जगतात. वर आकाशात 'कॉम्प्लेक्स' तरंगतो, तिथे सगळं आहे, पण खालच्याला आत प्रवेश नाही. भैरवाची सारी धडपड लाखो 'युनिट' जमवून त्या दारातून आत जाण्यासाठी. इथपर्यंत आम्हाला सिनेमा आवडला, खोटं कशाला बोलायचं? गावकुसाबाहेरच्या माणसाला वेशीचं चित्र ओळखायला वेळ लागत नाही.

पुढे मात्र सगळं वळण अवताराकडे. सहा हजार वर्षं सगळे हात जोडून बसले आहेत, एका गर्भातून देव जन्मेल आणि तो वाचवेल म्हणून. विमानं उडतात, लेझर सुटतात, गाडी माणसासारखी बोलते, पण पाणी कोणी वाटून घ्यायचं यावर एक सभा होत नाही. चवदार तळ्यावर १९२७ साली माणसं स्वतःच्या पायांनी चालत गेली. २८९८ सालची माणसं त्यांच्याही मागे आहेत.

आमच्यातल्या एकाने वहीवर आकडेमोड केली ती इथे देतो, कारण ती मजेशीर आहे. परंपरेच्या हिशोबात कलियुग इ.स.पू. ३१०१ च्या सुमारास सुरू झालं. त्यात २८९८ मिळवा, ५९९९ होतात. म्हणजे सिनेमाचं साल हवेतून आलेलं नाही, पंचांगातून आलेलं आहे. आता बाबासाहेबांचं 'रिडल्स इन हिंदुइझम' उघडा. महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये ते खंड ४ म्हणून छापलं, राम आणि कृष्णाच्या परिशिष्टावरून मोर्चे-प्रतिमोर्चे झाले. त्या धुराळ्यात एक कोडं आमच्या पिढीच्या वाचनातून निसटलं. ते नेमकं हेच आहे: ब्राह्मणांनी कलियुग न संपणारं का केलं? मुळात ते हजार वर्षांचं, पुढचा-मागचा संधिकाळ धरून बाराशेचं. मग सांगण्यात आलं की ही वर्षं माणसांची नव्हेत, देवांची. देवाचा एक दिवस म्हणजे माणसाचं एक वर्ष. बाराशे गुणिले तीनशे साठ, झाले ४ लाख ३२ हजार! मुदत संपत आली की वाढवून घ्यायची, ही कला सरकारी कंत्राटदारांनी नंतर शिकली.

या हिशोबाने २८९८ साली कलियुगाची अजून सव्वाचार लाख वर्षं शिल्लक राहतात. कल्की यायचा तो युगाच्या अखेरीस. सिनेमावाल्यांनी त्याला एवढा लवकर बोलावला, कारण प्रेक्षक सव्वाचार लाख वर्षं थांबत नाही. आम्ही हे अभ्यासवर्गात सांगितलं तेव्हा प्रभासचा कट्टर चाहता असलेला पोरगाही खळखळून हसला. मग विचारता झाला, "म्हणजे भाऊ, आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, अवतार मानत नाही म्हणलं, अन् वाट पाहून रायलो अवताराचीच?" आम्ही उत्तर दिलं नाही. प्रश्न त्यानेच काढला होता, त्याच्याकडेच राहू दिला.

कर्णाचं प्रकरण याहून अवघड आहे, कारण तिथे आमचीच पोरं हळवी होतात. पहिल्या भागाच्या शेवटी भैरव म्हणजे कर्ण असं उघड झालं आणि चाहत्यांत दोन तट पडले. एक म्हणतो कर्ण मोठा, दुसरा म्हणतो अर्जुन मोठा. मराठी घरात तर 'मृत्युंजय'ने १९६७ पासून कर्णाला घरचाच माणूस करून ठेवलं आहे. सूतपुत्र म्हणून भर सभेत हिणवला गेलेला, गुणाने मोठा, जातीने अडवलेला. आपलाच वाटतो. पण मित्रांनो, त्याचा अपमान गोष्टीत कसा धुतला जातो ते पाहा. तो सूत नव्हताच, कुंतीच्या पोटचा क्षत्रिय होता! म्हणजे अपमान करणं चूक नव्हतं, माणूस ओळखण्यात चूक झाली. सारथी अधिरथाला राधेपासून पुढे स्वतःचीही मुलं झाली. त्यांना त्या सभेत कोणी धनुष्य उचलू दिलं असतं का? त्यांच्यावर कोणी कादंबरी लिहिली नाही आणि त्यांचा दुसरा भाग येणार नाही.

आणि सिनेमाचा दुसरा वीर कोण? अश्वत्थामा. उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडणारा. त्याला प्रायश्चित्ताची संधी आहे, अमिताभ बच्चनसारखा नट आहे, आठ फुटांची उंची आहे. त्याच्या बापाने, द्रोणाने, ज्याचा अंगठा कापून घेतला तो एकलव्य सहा हजार वर्षांत कुठेच नाही. कर्ण की अर्जुन यावर रात्र-रात्र भांडणाऱ्यांनी एकदा तरी एकलव्याचं नाव घ्यावं, एवढीच आमची अपेक्षा होती. जमलं नाही.

आता सुमतीकडे येऊ. खरं तर हा लेख तिच्यासाठीच आहे.

कॉम्प्लेक्सच्या प्रयोगशाळेत बायका कोंडलेल्या आहेत. त्यांना नाव नाही, नंबर आहे. दीपिकाचा नंबर सम-८०. त्यांच्या पोटातल्या गर्भातून सत्त्व काढून यास्किनला चढवलं जातं, गर्भ टिकला नाही की बाई संपली. सम-८० पळते, तिला सुमती हे नाव मिळतं, आणि टॉकीजमध्ये आमच्या शेजारी बसलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. सिनेमाच्या प्रचाराला दीपिका स्वतः गरोदरपणात मंचावर उभी होती. सप्टेंबर २०२४ मध्ये ती आई झाली. बरोबर एक वर्षाने, १८ सप्टेंबर २०२५ ला, निर्मात्या कंपनीने जाहीर केलं की दुसऱ्या भागात ती नसेल, अशा सिनेमाला पुरेशी बांधिलकी लागते. कारण काय घडलं ते त्या दोघांनाच ठाऊक. वृत्तपत्रांनी मात्र मानधन आणि दिवसाला आठच तास काम करण्याची अट, अशी कारणं छापली. पुढच्या महिन्यात दीपिकाने एका मुलाखतीत सांगितलं की कित्येक पुरुष नट वर्षानुवर्षं आठ तासच काम करतात, त्याची बातमी होत नाही.

यावर चाहते काय म्हणाले? जे पडद्यावरच्या गरोदर सुमतीसाठी रडले तेच म्हणाले, एवढे पैसे घेते तर बारा तास करायला काय होतं? आईच व्हायचं होतं तर काम कशाला घ्यायचं? नखरे फार. दुसरी आणा. आमच्या टपरीवरचे पोट्टेही यात मागे नव्हते.

आमच्यातल्या एकाची आई जिनिंगमध्ये जाते. कापसाचा हंगाम सुरू झाला की सकाळी डबा घेऊन निघते, अंधार पडल्यावर येते, केसांत, भुवयांत रुईचं पांढरं बसलेलं असतं. ती सरपण नीट करत बसली होती, पोरांचं बोलणं ऐकून म्हणाली, "काहून रे, मुकादमावानी बोलता?" एवढंच. पोरं गप्प झाली. खरंच, तेच शब्द होते. एवढी मजुरी घेते तर थांब ना तासभर. लेकरू आजारी तर येऊ नको. तुझ्या जागेवर दुसरी येते.

कोणी म्हणेल, कोटी घेणारी नटी आणि जिनिंगची मजूर यांना एका तागडीत कसं घालता? नाहीच घालत. दीपिका आठ तासांनी गाडीत बसून गेली तरी सेटवरचा लाइटवाला, चहा देणारा पोरगा, कपडे इस्त्री करणारी बाई यांची सुट्टी होत नाही. तिची लढाई तिची आहे, तिला आमच्या पाठिंब्याची गरजही नाही. आमचा वाद आमच्या पोरांशी आहे. आठ तास म्हटल्यावर ज्याला हसू येतं, तो उद्या स्वतःच्या आठ तासांसाठी कोणत्या तोंडाने उभा राहणार?

आणि तो उद्या दूर नाही. त्याच सप्टेंबरच्या ३ तारखेला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तास, दुकानांत ९ वरून १० करायला मंजुरी दिली. तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४. कामगाराची लेखी संमती घेऊ म्हणाले. त्या माउलीला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "संमती कोण विचारते बाप्पा? नाही म्हणलं त उद्यापासून घरी." दीपिकाच्या बातमीवर आमच्या मोबाइलवर आलेले व्हिडिओ मोजता आले नाहीत. मंत्रिमंडळाच्या निर्णयावर आला तो एक.

बाबासाहेब १९२८ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे आणि मालक त्या बाईच्या श्रमावर कमावतो म्हणून काही भार त्यानेही उचलावा, असं त्यांचं म्हणणं. १९४२ ते १९४६ मजूर मंत्री असताना त्यांनी कारखाना कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं. बारमाही कारखान्यांत आठवड्याचे ५४ तास होते ते ४८ झाले. हंगामी कारखान्यांत ६० होते ते ५० झाले. हंगामी म्हणजे कोणते? त्या कायद्यातलं ठळक उदाहरणच कापसाच्या जिनिंगचं. ज्या हिंगणघाटच्या नावाने इंग्रजांच्या काळात विलायतेच्या बाजारात कापूस ओळखला जाई, त्या गावच्या बायांचे आठवड्याचे दहा तास एका माणसाने कागदावर परत मिळवून दिले. जयंतीला आम्ही डीजे लावतो, त्यात हे कुठे येत नाही.

विज्ञानकथेत दुसरी वाटही आहे, आणि ती परदेशातून आणायची गरज नाही. १९०५ साली रुकैया सखावत हुसेन या बंगाली मुसलमान बाईने 'सुलतानाज ड्रीम' लिहिलं. तिच्या देशात सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, ढगांतून पाणी काढून घेतात, आणि बायका दिवसाला दोन तासांत कचेरीचं काम उरकतात. तिथे कोणी अवतार जन्मत नाही. बायका विद्यापीठं काढतात. यंत्र आलं की माणसाचे तास कमी झाले पाहिजेत, ही साधी गोष्ट तिला एकशे वीस वर्षांपूर्वी सुचली. सहाशे कोटींचा म्हणून गाजलेल्या सिनेमाला ती सुचली नाही. त्या कथेचं वऱ्हाडीत वाचन करायचं आमच्या वर्गातल्या मुलींनी ठरवलं आहे, एका बैठकीत होण्याइतकी छोटी आहे.

दुसरा भाग आला की आम्हीही पाहायला जाऊ. पोरांनी तिकिटाचे पैसे आतापासून वेगळे काढले आहेत. नव्या सुमतीसाठी रोज नवं नाव येतं, कोणती नटी शोभेल यावर मतदानं होतात. जी येईल तिच्या करारात दिवसाचे तास किती लिहिले आहेत, हे विचारणारा चाहता मात्र आम्हाला अजून भेटलेला नाही.