रेंज

मुंबईहून पुणे-कोल्हापूरमार्गे मालवणला निघालो की खालापूरच्या टोलनाक्यावर काचेवरचा फास्टॅग काही मीटरवरूनच वाचला जातो. त्यात बॅटरी नसते. रीडरच्या 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या लहरींतून मिळेल तेवढ्या ऊर्जेवर तो उत्तर देतो. अंतर वाढलं की ती पुरत नाही. 13.56 मेगाहर्ट्झचं मेट्रो कार्ड तर जवळपास टेकवावंच लागतं.

मीही तसाच. बाबा गेल्यावर आई मालवणात एकटी. तिचा फोन आला तरच मी बोलायचो. एकदा आठवडाभर आला नाही. ती तापाने पडून होती, हे शेजाऱ्यांकडून कळलं.

आता रोज रात्री मीच फोन लावतो. तरी पहिला प्रश्न तिचाच असतो, "जेवलंस?"