हात कुणाच्या हाती द्यावा?

कंबरेत उसण भरली की घरात चार सल्ले तयार असतात. कुणी पायाळू माणसाची लाथ सुचवतं, कुणी मालिशवाला, कुणी गावचा पिढीजात हाडवैद्य. हल्ली मोबाइलवर मान कडकन मोडून देणारे कायरोप्रॅक्टरही दिसतात. हे सगळं करून झालं की माणूस आमच्याकडे, फिजिओथेरपीला येतो. इतकी वर्षं लोकांचे खांदे, गुडघे, माना हाताळल्यावर मला वाटतं, उपचार करणाऱ्याची पाटी नंतर वाचावी. आपलं नेमकं काय अडलंय, हे आधी कळायला हवं.

खांद्याचंच घ्या. पन्नाशीतल्या बाई येतात. मधुमेह असतो. अंबाडा घालायला हात वर जात नाही, पाठीमागे तर मुळीच नाही. मी त्यांना कोपर बरगडीला टेकवून पंजा बाहेरच्या बाजूला न्यायला सांगते. तो थोडा जातो आणि थांबतो. मग तोच हात मी सावकाश नेऊन बघते. माझ्या हातालाही तो तिथंच अडला आणि एक्स-रेत झीज नसली, तर सांध्याभोवतीचं आवरण आखडलंय, म्हणजे फ्रोझन शोल्डर, असं बहुधा निघतं. दुसऱ्या एखादीचा हात मी नेल्यावर सहज पुढे गेला, तर स्नायू किंवा त्याचा कंडरा दुखावलाय का ते बघावं लागतं. तक्रार दोघींची एकच, उपचार मात्र वेगळे. आखडलेलं आवरण तेल चोळून सुटत नाही. तिथं सांध्यालाच मोजून-मापून ताण द्यावा लागतो, घरी व्यायाम करावा लागतो आणि काही महिने धीर धरावा लागतो.

म्हणून काही मालिशीला मी कमी लेखत नाही. वारीत चालून भरून आलेल्या पोटऱ्यांना तेल लावणाऱ्या हातांचं मोल वारकऱ्यालाच ठाऊक. थकलेला, ताठरलेला स्नायू चांगल्या मालिशीने सैल होतो, झोपही लागते. मात्र पडल्यावर सूज आली, हाड वाकडं दिसलं, तर आधी एक्स-रे. हाडवैद्याने घट्ट बांधलेल्या पट्टीने बोटं निळी किंवा बधिर पडू लागली, तर ती तत्काळ सोडवून रुग्णालय गाठावं. रक्तपुरवठा तुटला तर हात गमवावा लागतो.

‘कडकन’ आवाजाचं लोकांना फार अप्रूप. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होताना तो येतो. हाड जागेवर बसल्याची ती खूण नव्हे. १८९५ मध्ये अमेरिकेत डॅनिअल पामर यांनी कायरोप्रॅक्टिक सुरू केलं. कंबरदुखीत कायरोप्रॅक्टरच्या झटक्याने काहींना आराम पडतोही. मानेला मात्र अनोळखी हाताने झटका देऊ देऊ नये. तिथल्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. क्वचित असली, तरी आहेत.

आमच्या शास्त्रालाही शिस्त लावावी लागली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५२ मध्ये फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. हाताने सांधे मोकळे करण्याची आजची पद्धत घडवण्यात ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांचा मोठा वाटा आहे. त्यांची शिकवण साधी: तपासा, थोडा उपचार करा, लगेच तीच हालचाल पुन्हा तपासा. फरक पडला नाही, तर उपचार बदला. मशिनच्या तारा लावून वीस मिनिटं झोपवून ठेवणारा फिजिओ या कसोटीला उतरत नाही, आणि तपासून हात लावणारा मालिशवाला उतरतो.

तेव्हा कुणाकडेही जा, पण अंगाला हात लावण्याआधी तो काय विचारतो ते ऐका. पायातली ताकद गेली का, लघवी-शौचाचा ताबा सुटतोय का, रात्री दुखण्याने जाग येते का, ताप आहे का, वजन उतरतंय का, हे विचारायलाच हवं. यातलं काही असेल, तर त्याने तुम्हाला त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवायला हवं. असं पाठवणारा माणूस त्या दिवसाचे पैसे सोडतो. पुढच्या दुखण्याला त्याच्याकडेच जावं.