जरीमागचा हात

गेल्या खेपेस सुरतेस गेलो, तेव्हा सरदार वल्लभभाई पटेल संग्रहालय पाहिले. १८९० साली ते विंचेस्टर म्युझियम या नावाने स्थापन झाले होते. जुन्या जरीकामापुढे माझ्यासोबतचा वृद्ध कारागीर थबकला. चांदीची तार ओढावी, चपटी करावी, रेशमावर गुंडाळावी व तिला सोन्याचा मुलामा द्यावा, यातच त्याचा जन्म गेलेला. “हे आमच्या हातचे,” तो हळूच म्हणाला.

पुराणवस्तूंपाशी बहुधा गाव आणि शतक लिहिलेले असते; कारागिराचे नाव क्वचितच. ते नाव आता मिळणे कठीण. परंतु ती विद्या जाणणारे हात अद्याप आहेत. संग्रहालयांनी त्यांना सन्मानाने बोलवावे, त्यांचे बोल टिपून ठेवावेत.

सणाच्या मिस्साला मी जरीचा पोशाख घालतो. ती तार कोणी ओढली, हे मीही कधी विचारले नव्हते.