2 ऑक्टोबरच्या आधी

पेण, 18 सप्टेंबर

चि. लेकरा,


बारावी होऊन वनरक्षक भरतीचा फॉर्म भरतोयस, हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. बरं वाटलं. पण पुढे म्हणाली, ‘ग्रामसभेला जा म्हटलं तर म्हणतो, तिथं कातकऱ्याचं कोण ऐकतं?’

खरंय, फारसं कोणी ऐकत नाही. एक तर वाडीची मतं मूठभर. त्यात सभांच्या तारखा बघ: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. दिवाळी झाली की मुकादम गाडी लावतो. वीटभट्टीवर गेलेली वाडी परतते ती पाऊस तोंडावर आला की. म्हणजे चारांतल्या दोन सभांना वाडीत फक्त म्हातारी माणसं. तेव्हा घरकुलाची यादी निघाली, तर नाव सुचवणार कोण? पालघरच्या आदिवासी पट्ट्यात पेसा कायद्यानं पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागता येते. आपला रायगड अनुसूचित क्षेत्रात नाही. आपल्याला गावाच्याच सभेत बसायचंय.

तर 2 ऑक्टोबर सोडू नकोस. कोरमला 15 टक्के मतदार किंवा 100, यांतलं कमी ते लागतं, आणि तेवढ्यालाही सभा कितीदा अडते! वाडीतनं चाळीस माणसं आली, तर सरपंच त्यांना खुर्च्या देईल.

मी जन्मभर ग्रामसभांची प्रोसिडिंग बुकं लिहिली, म्हणून आतलं सांगतो. सह्या आधी होतात, ठराव बऱ्याचदा मागाहून निवांत लिहिले जातात. तोंडी बोललेलं कागदावर येईलच असं नाही. वाडीखालची जमीन सातबाऱ्यावर दुसऱ्याच्या नावानं आहे. उद्या त्यानं तारेचं कुंपण घातलं तर जाणार कुठे? तेव्हा गावठाणाच्या मागणीचा अर्ज ग्रामपंचायतीत आठवडाभर आधी दे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक नंबर आणि सही घे. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणतील. तू बसून राहा. सभेत विषय पुकारायला लाव, ठराव लिहून मोठ्यानं वाचून दाखवला की मगच सही. बायकांनाही बजाव, अंगठा शेवटी.

पंचायतीच्या निवडणुकीला उभं राहायला 21 वर्षं पूर्ण लागतात, तुला अवकाश आहे. पण राखीव जागेला जात पडताळणी लागते, आणि कागद नाही म्हणून आपल्या जागा कुठे कुठे रिकाम्याच राहतात. याचा मला फार राग येतो. पुरावा मागतात 1950 च्या आधीचा. आजोबा शाळेची पायरी चढलेच नाहीत, तर दाखला कुठला? तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून जुन्या कोतवाल बुकाची नक्कल माग. जन्म-मृत्यूच्या नोंदीत जात लिहिलेली असते. पणजोबांचं नाव आणि गाव आजीकडून नीट विचारून जा. भरतीलाही हीच पडताळणी लागणार आहे, म्हणजे हेलपाटे वाया जायचे नाहीत.

अर्जाचा कच्चा मसुदा सोबत आहे. गट नंबर तू भर. आठवडी बाजाराच्या दिवशी मात्र जाऊ नकोस, ऑफिसात कोणी भेटत नाही.

तुझा,
भाऊसाहेब