नाण्यावर चेहरा कोणाचा?

आपल्याकडे जुनं नाणं दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "याचे किती येतील?" शाळेत मी माझी नाण्यांची डबी उघडते तेव्हा मुलंही हेच विचारतात आणि पालक तर हमखास विचारतात. मोबाईलवर 'जुनी नाणी विका, लाखो मिळवा' असे मेसेज फिरतात. अशा फसव्या जाहिरातींपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेलाही २०२१ मध्ये जाहीरपणे सांगावं लागलं. म्हणून वर्गात मी एक नियम केला आहे. आधी विचारायचं, "चेहरा कोणाचा?" किंमत नंतर.

मी चेहऱ्याची नाणी जमवते. माझ्याकडचा संग्रह साधाच आहे, बहुतेक इंग्रजांच्या काळातली नाणी. आजी ज्याला 'राणीछाप' म्हणायची तो व्हिक्टोरिया राणीचा रुपया, मग सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, सहावा जॉर्ज. ही चार नाणी ओळीने मांडून मी मुलांना फक्त बघायला सांगते. दोन मिनिटांत कोणीतरी ओरडतं, "बाई, याच्या डोक्यावर मुकुटच नाही!" तो सातवा एडवर्ड. त्याचं तोंड उजवीकडे, बाकी तिघांचं डावीकडे. राणीच्या नाण्यांवर १८७६ पर्यंत 'क्वीन' आहे आणि १८७७ पासून 'एम्प्रेस', म्हणजे सम्राज्ञी. एक शब्द बदलला की राज्यकर्ता स्वतःला काय समजायला लागला ते कळतं. हे मुलांना सांगावं लागत नाही, ती स्वतः वाचतात.

पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयाची गोष्ट तर वर्गात फारच रंगते. राजाच्या झग्यावर पदकातला छोटा हत्ती कोरला होता, पण तो लोकांना डुकरासारखा दिसला. तक्रारी इतक्या झाल्या की सरकारला नक्षी बदलावी लागली. एवढ्या मोठ्या साम्राज्याला नखाएवढ्या चित्रासाठी माघार घ्यावी लागली, कारण नाणं प्रत्येकाच्या हातात जातं आणि प्रत्येक जण ते बघतो.

नाण्यावर राजाचा चेहरा छापायची ही रीत फार जुनी. रोमच्या सम्राटांनी ती जगभर पोचवली. ऑगस्टस आणि टायबेरियस यांच्या चेहऱ्यांची चांदीची नाणी व्यापारातून भारतात येत. दक्षिणेत, विशेषतः कोइमतूरच्या भागात, त्यांचे साठे सापडले आहेत. आपल्याकडे तेरला तर रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला मिळाल्या, गळ्यात घालण्यासाठी कडी असलेल्या! परक्या राजाचा चेहरा आपल्या बायकांनी दागिना करून टाकला. पुढे व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांचंही तेच झालं. त्यावरच्या माणसांच्या आकृत्यांमुळे ती आपल्याकडे 'पुतळी' झाली. पुतळ्यांची माळ आजही लग्नात मिरवते, राणीछाप रुपयाही कितीतरी आज्यांच्या गळ्यात असायचा.

पण चेहऱ्याच्या नाण्यांची आपल्या मातीतली सगळ्यात मोठी गोष्ट नाशिकजवळच्या जोगळटेंभीची. १९०६ मध्ये तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. ती क्षत्रप राजा नहपान याची. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण, वज्र आणि ब्राह्मी-खरोष्ठीत त्याचं नाव. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर वरून दुसरा ठसा मारलेला होता. एकीकडे डोंगरासारखी कमानींची खूण आणि 'गोतमिपुत सातकणि' हे नाव, दुसरीकडे उज्जैनचं चिन्ह. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं आणि त्याची नाणी वितळवत न बसता त्यावर आपला छाप उठवला.

हे मी मुलांना खडूने फळ्यावर काढून दाखवते. आधी चेहरा, मग त्यावरच दुसरी खूण. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, "मग जुना राजा पूर्ण पुसला का?" नाही पुसला. ठशाखालून त्याचं नाक, ओठ, अक्षरं अजून दिसतात. आपल्या जिल्ह्यात जुन्नरला मानमोडीच्या लेण्यात नहपानाच्या अयम नावाच्या अमात्याचा शिलालेख आहे. कार्ल्याला नहपानाच्या जावयाने, उषवदाताने, भिक्षूंना गाव दिल्याचा लेख आहे आणि तेच गाव सातवाहनांनी पुढे चालू ठेवल्याचाही लेख तिथेच आहे. राज्य बदललं, चेहऱ्यावर ठसा बसला, पण चांगलं काम मोडलं नाही. इतिहास म्हणजे नुसत्या लढाया नव्हेत, हे यापेक्षा सोप्या भाषेत मला शिकवता आलेलं नाही.

आता हे सगळं आपल्याला कशामुळे कळलं? साठा एकत्र मोजला गेला म्हणून. रेव्हरंड स्कॉट यांनी त्याचा अभ्यास करून लिहिलं. नहपानाचे चेहरे एकमेकांपासून किती वेगळे आहेत, हेही त्यांच्या लक्षात आलं. तीच नाणी एकेक करून विकली गेली असती किंवा मुशीत गेली असती, तर चांदी उरली असती, गोष्ट गेली असती. म्हणूनच १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत सापडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. ज्यांच्या गावी शेती आहे अशा पालकांना मी हे मुद्दाम सांगते. मी स्वतःही प्राचीन नाणी विकत घेत नाही. ती संग्रहालयात बघते.

घरातल्या नाण्यांचं मात्र वेगळं. एका विद्यार्थ्याच्या आईने पणजीच्या माळेतले राणीछाप रुपये सोनाराकडे द्यायचं ठरवलं होतं. घरात अडचण होती. विकू नका, असं मी कोणत्या तोंडाने सांगणार? मी एवढंच म्हटलं, "देण्याआधी त्याला दोन दिवस शाळेत आणू दे." त्याने प्रत्येक नाण्यावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेतला, साल लिहिलं आणि पणजीचं नाव लिहिलं. एक नाणं आईने ठेवून घेतलं, बाकीची गेली. ते ठसे त्याच्या वहीत आहेत.

चौथीला आपण शिवछत्रपती शिकवतो तेव्हा हाच धागा पुढे नेता येतो. मुलं विचारतात, "शिवराईवर महाराजांचा चेहरा का नाही?" मी त्यांना शिवराई वाचायला लावते. एकीकडे 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. आजूबाजूच्या सत्तांची नाणी फारसी लिपीत असताना ही अक्षरं देवनागरीत होती. चेहरा नसला तरी ओळख होती. मग १५ ऑगस्ट १९५० ची नाणी येतात. राजाचा चेहरा गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले. "बाई, म्हणजे आता राजा कोण?" या प्रश्नावर नागरिकशास्त्राचा अख्खा तास होतो.

करून बघायचं असेल तर तयारी काहीच लागत नाही. मुलांना घरातलं एक जुनं नाणं आणायला सांगा, घरच्यांना विचारून. चिंच लावून घासू नका म्हणावं, झीज होते. पेन्सिलीने ठसा घ्यायचा आणि खाली चार ओळी: चेहरा किंवा चिन्ह कोणाचं, अक्षरं कोणती, साल कोणतं, हे नाणं घरात कोणी जपलं. शेवटच्या ओळीसाठी मुलाला आजी-आजोबांजवळ बसावंच लागतं. माझ्या वर्गात सगळ्यात लांब उत्तरं त्याच ओळीला येतात.